झोपलेला रफूगार

९ जानेवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आजोबा, एक वही करा. कुठल्या दिवशी, किती वाजता, काय दिलं, उलटी झाली का, ताप आला का, सगळं लिहा. मला दर वेळी दाखवा.’

वही केली. दोनशे पानांची, जाड पुठ्ठ्याची. पुढच्या बाजूने औषधांची नोंद राहील. मागच्या बाजूने, वही उलटी धरून, मी माझे लिहिणार आहे. ते कोणासाठीही नाही. कापडाला उलटी बाजू असते, तशी वहीलाही असावी.

माझे शिक्षण चौथीपर्यंत झाले आहे. हे मी लपवीत नाही. परंतु त्या चार इयत्तांत जे शिकवले, ते मी पूर्ण शिकलो. पदवी घेतलेल्या लोकांच्या चिठ्ठ्या मी दुकानात पुष्कळ पाहिल्या आहेत. त्याविषयी न बोललेले बरे.

मी रफूगार आहे. बावन्न वर्षे हेच काम केले. माझी मुलगी शाळेत विज्ञान शिकवते. लहानपणी ती दुकानातील चिंध्या ओळीने बसवून त्यांना शिकवीत असे आणि बडबड करणाऱ्या चिंधीला उभे करीत असे. तेव्हापासून मी तिला ‘बाई’ म्हणतो. पुढे ती खरोखरीच बाई झाली. वय त्रेचाळीस. लग्न केले नाही. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघेच.

तीन आठवड्यांपूर्वी तिच्या डोक्यातून, डाव्या कानाच्या वरून, गाठ काढली. लिंबाएवढी होती. सगळी निघाली नाही. ‘मुळं राहतात,’ असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मूळ राहिले की पुन्हा फुटते, हे समजण्यास चौथीही लागत नाही.

११ जानेवारी

शस्त्रक्रियेपासून बाईच्या हातचा चहा फार गोड होतो. साखर घातल्याचे ती विसरते आणि पुन्हा घालते. मी निमूटपणे पितो. तिला सांगणार नाही. एवढ्या मोठ्या दुखण्यात साखरेची तक्रार करणारा बाप मी नव्हे.

१२ जानेवारी

आज चहात साखर बरोबर होती.

१३ जानेवारी

पान चटकन सापडावे म्हणून आजपासून वहीत तांबडा दोरा ठेवतो. शेवटच्या ओळीवर, आडवा. वही तिच्या खाटेजवळच्या टेबलावर, औषधांच्या डब्याशेजारी असते. नोंदीसाठी ती तेथेच हवी.

१४ जानेवारी

दुकान बंद ठेवले आहे, परंतु हाती घेतलेले काम पुरे करणे भाग आहे. खिडकीशी बसून एका लोकरी कोटाचे काम करीत होतो. कसरीने कोपरावर दोन भोके पाडली आहेत. बाई उठून शेजारी येऊन बसली.

‘नाना, भिंग द्या.’

‘कशाला?’

‘तुम्हाला माझं औषध शिकवते.’

‘मला शिकवून काय उपयोग? मी चौथी पास.’

‘म्हणूनच सोपं जाईल. दहावीची पोरं ऐकत नाहीत.’

तिने भिंग कोटावर धरले आणि तासभर शिकवले. विसरण्यापूर्वी लिहून ठेवतो.

शरीर पेशींचे बनलेले आहे. प्रत्येक पेशीत एक फार लांब, दोन पदरी धागा आहे. त्या धाग्यावर चार अक्षरे पुन्हा पुन्हा येतात, आणि एका पदरातील अक्षरासमोर दुसऱ्या पदरात त्याचे ठरलेले जोडीचे अक्षर असते. एका पेशीच्या दोन पेशी व्हावयाच्या असल्या की हे दोन पदर सुटे होतात आणि प्रत्येकासमोर नवा पदर विणला जातो. रोगाच्या पेशीला हे विणणे थांबवताच येत नाही. ती विणतच सुटते.

औषध काय करते? ते धाग्यावरील अक्षरावर नको तेथे एक बारीक टाका घालते. ‘इतका बारीक, नाना, की तुमचं भिंग काहीच नाही.’ टाका पडला की ते अक्षर चुकीचे वाचले जाते. समोर चुकीची जोडी बसते. पेशीतले दुरुस्तीवाले धावत येतात आणि चूक कापून काढतात. परंतु ते नवा पदर कापतात, आणि टाका असतो जुन्या पदरात. त्यामुळे पुन्हा विणले की पुन्हा तीच चूक. पुन्हा कापतात. असे कापता कापता धागाच तुटतो आणि पेशी मरते.

मी म्हणालो, ‘असे शिकाऊ कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत. दोष एकीकडे, कात्री दुसरीकडे.’

ती हसली. शस्त्रक्रियेनंतर प्रथमच हसली.

या औषधाचे थोरले भाऊ आहेत, ते तर दोन्ही पदर एकमेकांना टाचून टाकतात, म्हणजे उलगडण्याचा प्रश्नच राहत नाही. या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे लढाईत सोडलेला विषारी वायू. तो अंगात गेला की रक्तातील पेशी नाहीशा होतात, असे डॉक्टरांच्या ध्यानात आले आणि त्यांनी त्यातून औषध काढले. माणूस मारण्याच्या वस्तूतून माणूस वाचवण्याची वस्तू! ऐकून मी सुई खाली ठेवली.

‘पण एक अडचण आहे,’ ती म्हणाली. ‘पेशीत तुमच्या धंद्यातला एक जण बसलेला असतो.’

‘रफूगार?’

‘रफूगार. तो औषधाचा टाका बरोबर शोधतो, उसवून आपल्या हातावर घेतो, आणि धागा होता तसा करतो. इथं काही झालं होतं हे कळतसुद्धा नाही.’

‘मग चांगला कारागीर म्हटला पाहिजे.’

‘फार चांगला. पण एक टाका उसवला की तो स्वतः संपतो. एक टाका, एक माणूस. मग पेशीला नवा बनवावा लागतो.’

‘आणि त्याला काय मिळते?’

‘काही नाही.’

‘मग मूर्ख आहे.’

‘असतात नाना, असे काही जण,’ ती म्हणाली आणि माझ्या हातातील कोटाकडे पाहू लागली.

काही रोग्यांच्या गाठीत हा रफूगार झोपलेला असतो. त्याच्या दुकानाला कुलूपच असते. मग औषधाने घातलेले टाके तसेच राहतात आणि गाठीच्या पेशी मरतात. ज्यांच्या गाठीत तो जागा असतो, त्यांच्यात औषध टाके घालीत जाते आणि तो उसवीत जातो.

‘तुझ्यात?’

‘गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाय. दोन-तीन दिवसांत कळेल.’

बावन्न वर्षांत माझ्याकडून गेलेल्या कपड्यावर टाका दिसला, असे एकाही गिऱ्हाइकाने म्हटले नाही. स्वतःला दिसला तर मी उसवून पुन्हा घातला. एखाद्या रफूगाराचे हात थांबावेत, अशी इच्छा आज आयुष्यात प्रथमच झाली.

१६ जानेवारी

तपासणीचा कागद आला. बाई एकटीच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. मला म्हणाली, ‘तुम्ही बाहेर बसा नाना, आत जागा नाही.’ दार उघडले तेव्हा आत तीन खुर्च्या दिसल्या. बहुधा त्या दुसऱ्या कोणासाठी असतील.

अर्ध्या तासाने बाहेर आली. आधी पाणी प्याली. मग म्हणाली, ‘झोपलाय.’

‘नक्की?’

‘नक्की.’

‘गाढ?’

‘गाढ, नाना. घोरतोय.’

कागद तिने चार घड्या घालून पिशवीत ठेवला. मुलांच्या उत्तरपत्रिकेला घडी पडली तरी ओरडणारी बाई! घाई असेल.

घरी येताना ती रिक्षातून रस्ताभर बाहेर पाहत होती. मी त्या झोपलेल्या रफूगाराचे मनोमन आभार मानले.

१९ जानेवारी

औषधवाल्याकडे जाऊन आलो. उलटी थांबवण्याच्या गोळ्या आणल्या. आज लिहिण्यासारखे काही नाही.

२० जानेवारी

रफूगार झोपलेला आहे, ही फार मोठी गोष्ट झाली. पुन्हा एकदा लिहून ठेवतो. औषध आपले काम करील. मी निश्चिंत आहे.

२७ जानेवारी

उपचार सुरू झाले. सहा आठवडे आठवड्यातून पाच दिवस डोक्याला किरण, आणि औषध मात्र रोज, सुटीच्या दिवशीही. आधी उलटीची गोळी. अर्ध्या तासाने कॅप्सूल, एक मोठी आणि दोन लहान, उपाशी पोटी, पेलाभर पाण्याबरोबर. चावायची नाही, फोडायची नाही. तासाभराने किरण. किरणांच्या वेळी तिच्या चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून तो टेबलाला खिळवतात, म्हणजे डोके हलत नाही. बाहेर आली की तिच्या कपाळावर आणि गालावर जाळीची नक्षी उमटलेली असते. वीण मोजता येईल इतकी स्पष्ट.

माझी धाकटी बहीण राहण्यास आली. वय सत्तर, तरी मी तिला ‘धाकटी’च म्हणतो. दारातूनच सुरू झाली.

‘दादा, घरात एक धड पातेलं नाही. दोघं जण चहावर जगता का?’

‘तुला स्वयंपाकासाठी बोलावले नाही.’

‘मग काय तुझं तोंड बघायला बोलावलंस? ते सत्तर वर्षं बघतेय. सुधारणा नाही.’

बाई खाटेवरून म्हणाली, ‘आत्या, चालू दे. करमणूक होते.’

८ फेब्रुवारी

आज माझ्या हातून एक गोष्ट घडली. तोंडाने सांगणे जमले नाही, म्हणून येथे लिहितो.

सकाळी कॅप्सूल काढताना लहान कॅप्सूल हातातून निसटून टेबलाच्या कडेवर आपटली. तिचे दोन भाग किंचित उघडले आणि पांढरी भुकटी सांडली, चिमटीपेक्षाही कमी. कोणी दुसरा असता तर त्याने ती बाजूला ठेवली असती. मी तसे केले नाही. फाटलेली वस्तू टाकून देणे माझ्या हातांना ठाऊक नाही. धाग्याचे टोक उचलताना बोट जिभेला लावून ओले करण्याची माझी सवय आहे. त्याच ओल्या बोटाने मी भुकटी टिपली, कॅप्सूलमध्ये भरली आणि तिचे टोपण नीट बसवले. दुसऱ्या कणासाठी बोट पुन्हा जिभेला लावले. सांधा दिसत नव्हता. बाईने ती घेतली.

काम सफाईदार झाले होते. परंतु दिवसभर मनाला टोचणी लागली आहे. मात्रा कमी पडली असेल का?

९ फेब्रुवारी

सकाळी औषधांच्या डब्याशेजारी रबरी हातमोज्यांचा खोका होता. ‘नाना, हे घालूनच कॅप्सूलला हात लावायचा,’ बाई म्हणाली. ‘आणि फुटली तर सरळ नर्सला फोन. ठीक?’

मी म्हणालो, ‘ठीक.’

रुग्णालयात तिने मला नर्सपुढे उभे केले. नर्सने विचारले, ‘बोट चाटलंत?’

‘सवय आहे.’

‘आजोबा, हे औषध रोगी-निरोगी बघत नाही. जी पेशी भराभर वाढते तिच्यावर पडतं, आणि बाकीच्यांवरही पडतंच. तुमच्या धाग्यावर टाका कशाला हवाय या वयात?’

‘माझे रफूगार जागे आहेत,’ असे मी म्हणालो. तिला काही कळले नाही. बाईने मान फिरवली. हसत होती असे वाटले.

२१ फेब्रुवारी

किरण जातात तेवढ्याच भागातील केस गेले. डाव्या बाजूला, तळहाताएवढे. उशीवर पुंजका सापडला. तिने तो कागदात बांधून टाकला आणि आरशावर टॉवेल घातला.

मी टोपी शिवली. मऊ सुती कापड, आतून शिवण नाही, कारण शिवण जखमेला घासते. धाकटी म्हणाली, ‘दादा, कधी नव्हे ते नवीन कापड हातात धरलंस. आयुष्यभर लोकांची भोकं बुजवत बसलास.’

बाईने टोपी घातली, आरशावरील टॉवेल काढला, पाहिले आणि पुन्हा टॉवेल घातला. म्हणाली, ‘सुरेख झालीय.’

९ मार्च

सहा आठवडे पुरे झाले. आता एक महिना विश्रांती. त्यानंतर दर अठ्ठावीस दिवसांतून पाच दिवस औषध, परंतु मात्रा जवळजवळ दुप्पट.

ती दुपारी दोन-दोन तास झोपते. झोपेत तिचा उजवा हात हलतो, फळ्यावर लिहिल्यासारखा.

७ एप्रिल

मोठ्या मात्रेचा पहिला दिवस. तीन उलट्या.

८ एप्रिल

चार.

९ एप्रिल

दोन. पाणीही टिकत नाही. ती न्हाणीघरात भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. मी बादली धरली. तिने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, ‘चांगलं चाललंय, नाना. म्हणजे औषध लागतंय.’

‘लागणारच,’ मी म्हणालो. ‘तेथे कोणी जागे नाही.’

‘हो,’ ती म्हणाली. मग बादलीत डोके घातले.

११ एप्रिल

पाच दिवस संपले. धाकटीने सूप केले. बाईने तीन चमचे घेतले. धाकटी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून उभी होती. माझी चाहूल लागताच म्हणाली, ‘कांदा चिरतेय.’ विळी कोरडी होती.

१२ मे

गेल्या आठवड्यात रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट फार उतरल्या. हे औषध हाडातील मगज झोडपते, कारण रक्ताच्या पेशी तेथे भराभर तयार होतात. दुसरी खेप आठ दिवस पुढे ढकलली.

ते आठ दिवस फार बरे गेले. उलटी नाही. बाई बाहेर बाकावर जाऊन बसली. शाळेतली दोन मुले तिला भेटून गेली. तिने त्यांना गृहपाठ दिला! संध्याकाळी माझ्याकडून सुई मागून घेतली आणि मला विचारून एका रुमालावर रफू करण्याचा प्रयत्न केला. उभे धागे बरोबर भरले. आडवे चुकले. ‘एकावरून, एकाखालून,’ मी सांगत राहिलो. ‘कळतंय हो, हातच ऐकत नाही,’ ती म्हणाली. अत्यंत वाईट काम होते. रुमाल मी ठेवून घेतला आहे.

असे आठ दिवस पुन्हा मिळावेत.

हे वाक्य लिहायला नको होते. औषध महत्त्वाचे आहे. आठ दिवसांनी काय होते?

२३ मे

दुसरी खेप पार पडली. नोंद पुढच्या बाजूला आहे.

९ जून

तिसरी खेप उद्यापासून. मी खिडकीशी एका शालीचे काम करीत होतो. बाई खाटेवर बसून कॅप्सूलची बाटली हातात फिरवीत होती.

‘नाना, सोडून देऊ का हे?’

‘काय?’

‘औषध. डॉक्टरीणबाई म्हणतात, नाही घेतलं तरी चालेल. ठरवायचं आपण.’

मी हातातील काम चालू ठेवले. म्हणालो, ‘रफूगार झोपलेला असताना सोडायचे? वेडी आहेस का? ज्यांचा जागा असतो त्यांनी विचार करावा.’

तिने बाटली पुन्हा एकदा फिरवली. मग म्हणाली, ‘बरोबर आहे. असंच विचारलं.’

‘तुझी इच्छा आहे ना घेण्याची?’

‘आहे की. तुमची?’

‘माझीही आहे.’

‘मग झालं तर,’ ती म्हणाली आणि बाटली डब्यात ठेवली.

धाकटी दारात उभी होती. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘दादा, पोरगी काहीतरी विचारत होती.’

‘मी उत्तर दिले.’

‘दिलंस. पण ऐकलंस का?’

बायकांना प्रत्येक गोष्टीत दुसरी गोष्ट दिसते.

१३ जून

पाच उलट्या. ताप. रुग्णालयात नेले. सलाइन लावले. सुईसाठी हातावर शीर सापडत नाही. नर्सने चार ठिकाणी टोचले. दोन्ही हात निळे झाले आहेत.

२ जुलै

डोक्याचे नवे चित्र काढले. डॉक्टरीणबाईंनी या वेळी मलाही आत बोलावले. तिन्ही खुर्च्या भरल्या.

गाठ वाढली आहे. जेथून काढली तेथे आहेच, शिवाय पलीकडे नवी.

मी विचारले, ‘औषध लागू होत होते ना?’

डॉक्टरीणबाईंनी बाईकडे पाहिले. बाईने टेबलावरील पेनकडे पाहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आजोबा, तुमच्या मुलीनं फार सोसलं. आता औषध थांबवू या. तिला त्रास होणार नाही, एवढंच बघू.’

बाहेर आल्यावर बाई म्हणाली, ‘जागा झाला वाटतं, नाना, मध्येच.’

‘होत असेल,’ मी म्हणालो. ‘कोणाची झोप किती, कोण सांगणार?’

गाढ झोपलेला माणूसही कधीतरी जागा होतोच. त्यात कोणाचा दोष नाही. बाईचा तर मुळीच नाही. हे मी स्पष्ट लिहून ठेवतो.

१८ जुलै

शब्द जाऊ लागले आहेत. पहिल्यांदा लहान वस्तूंचे गेले. सुईला ‘ती बारीक’ म्हणते. भिंगाला ‘खिडकी’. धाकटीला ‘शाळा’ म्हणाली. धाकटी म्हणाली, ‘असू दे. तीस वर्षं संसार शिकवला मी लोकांना, शाळाच आहे मी.’

वर्तमानपत्र पुढे धरून बसते. आज म्हणाली, ‘अक्षरं दिसतात, नाना. लागत नाहीत.’

ज्या मुलीने मला पेशीतील धाग्याची चार अक्षरे शिकवली, तिला आता कोणतेच अक्षर लागत नाही.

२९ जुलै

उजवा हात गेला. मी भरवतो. दूध, केळे कुस्करून, मऊ भात. ओठांच्या कडेने ओघळते. मी टिपतो. तिला ते आवडत नाही. मान फिरवते. स्वाभिमानी आहे. कोणाची मुलगी!

४ ऑगस्ट

आज तिला एक वाक्य पूर्ण बोलता आले. मी टोपी सारखी करीत होतो. माझे मनगट धरून म्हणाली, ‘नाना, टाका दिसतो.’

मी टोपी उजेडात धरून सगळ्या बाजूंनी पाहिली. कोठेही दिसत नव्हता. तसे तिला सांगितले. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मान हलवली. नाही, की हो, ते समजले नाही.

९ ऑगस्ट

पाणी गिळत नाही. ओठ ओल्या कापडाने पुसतो.

११ ऑगस्ट

बाई गेली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी. पुढच्या बाजूची नोंद येथे संपली.

१९ ऑगस्ट

तांबडा दोरा जेथे ठेवला, त्याच ओळीवर आहे. आठ दिवस झाले, तेथेच आहे. जानेवारीपासून तो रोज सकाळी हललेला असे. तिला अक्षरे लागेनाशी झाली, त्यानंतरही हललेला असे.

म्हणजे ही वही आता कोणी वाचत नाही. आता लिहितो.

१९ जानेवारीला मी तिच्या पिशवीतील तो घडीचा कागद घेऊन औषधवाल्याकडे गेलो होतो. त्याला आधी रफूगार समजावून सांगावा लागला. त्याने कागद दोनदा वाचला, फोनवर कोणाला तरी विचारले, आणि म्हणाला, ‘आजोबा, जागा आहे. पहिल्यापासून जागा आहे.’ कागद मी होता त्याच घड्यांनी परत ठेवला.

तिची आशा मोडू नये म्हणून मी येथे रोज त्याला झोपलेला लिहिला. ते वाचून, माझी आशा मोडू नये म्हणून, ती कॅप्सूल गिळत राहिली.

९ जूनला तिने विचारले होते. मी हातातील शाल खाली ठेवली नव्हती.